बदलाचा जमाखर्च

आपल्या मासिकाच्या वाचक-कुटुंबांत असे घर आता विरळाच, की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी, सून वा जावई संगणकाच्या व्यवसायात नाही. कोणी इंदूरहून पुण्याच्या हिंजवडीत गेले आहे, कोणी बेळगावहून बंगळुरूस, कोणी बडोद्याहून सातासमुद्रापलीकडे; आणि हैदराबादच्या मंडळींना तर त्यासाठी गाव सोडण्याचेही कारण पडलेले नाही. या तरुण मंडळींच्या बोलण्यात काही शब्द वारंवार येतात. ‘उद्या स्प्रिंट संपतो आहे’, ‘सकाळी स्टँड-अप आहे’, ‘बॅकलॉग फार वाढला’. आणि यांहून अधिक वेळा, किंचित त्रासिक सुरात उच्चारले जाणारे एक वाक्य : ‘क्लायंटने पुन्हा सगळे बदलले.’ रात्रीचे जेवण निवते, रविवारचा बेत मोडतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक अगदी साधा प्रश्न उभा राहतो. काय हवे ते एकदा नीट विचारून, लिहून घेऊन, मगच कामास लागता येत नाही का?

प्रश्न साधा आहे, पण भोळा नाही. गेली पन्नासहून अधिक वर्षे त्या व्यवसायातील जाणती माणसे याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. त्या झगड्यातून जी कार्यपद्धती रूढ झाली तिला ‘अजाईल’ म्हणजे ‘चपळ’ पद्धती असे म्हणतात. तीत कामाचे नियोजन कसे करतात, झालेल्या बदलाचे मोजमाप कसे घेतात आणि तो बदल ज्याला सांगावयाचा त्याला कसा सांगतात, याचा थोडा परिचय करून देण्याचा आमचा विचार आहे. आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. बदल हा या व्यवसायाचा शत्रू नव्हे. न मोजलेला आणि वेळेवर न सांगितलेला बदल हा त्याचा खरा शत्रू होय.

आधी सारे ठरवावे, मग करावे

घर बांधताना आपण आधी नकाशा काढतो, तो मंजूर करून घेतो आणि मग पाया खणतो. जोते भरून झाल्यावर ‘स्वयंपाकघर पूर्वेला हवे होते’ असे म्हणणाऱ्या मालकापुढे गवंडी हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्यांनीही आरंभी हाच मार्ग स्वीकारला. प्रथम सर्व गरजा लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष लेखन, मग चाचणी आणि शेवटी ग्राहकाच्या हाती सुपूर्द. पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडावे तसे काम पुढे जाते, म्हणून या रीतीस पुढे ‘वॉटरफॉल’ असे नाव पडले.

गंमत अशी, की या रीतीचे चित्र ज्यांच्या लेखामुळे प्रसिद्धीस आले, त्या विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञांनी 1970 सालच्या त्याच लेखात ही सरळ रेषेतील वाटचाल धोक्याची असल्याचे बजावले होते. चाचणी सर्वांत शेवटी येते, आणि मूळ कल्पनेतील दोष तेव्हाच उघडकीस येतात. म्हणून मागे वळण्याची सोय हवी, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी चित्र तेवढे उचलले, इशारा मात्र मागे ठेवला.

घराची उपमा येथे अपुरी का पडते? एक कारण असे, की घर कसे असते हे मालकाने जन्मभर पाहिलेले असते. नव्या सॉफ्टवेअरचे तसे नसते. ते वापरून पाहिल्यावाचून आपल्याला नेमके काय हवे हे वापरणाऱ्याला उमगत नाही. तो लहरी असतो असे नव्हे. त्याचे ज्ञानच कामाबरोबर वाढत जाते. दुसरे कारण म्हणजे बाहेरचे जग थांबून राहत नाही. आपल्याकडील वस्तू व सेवा कराचेच उदाहरण घ्या. 1 जुलै 2017 रोजी हा कर देशभर लागू झाला आणि लहानमोठ्या प्रत्येक दुकानाच्या बिलांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून अनेक वस्तूंचे दर पुन्हा खाली आले. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून तर दरांचे टप्पेच बदलले. कोणत्या प्रोग्रॅमरने कितीही दूरदृष्टीने आधी लिहून ठेवले असते, तरी हे त्याच्या वहीत आले असते काय?

मग काम लांबते, आणि लांबलेल्या कामावर अधिक माणसे लावण्याचा मोह होतो. त्याविषयी फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात स्वानुभवाने लिहून ठेवले आहे. आयबीएम कंपनीच्या ओएस/360 या प्रचंड प्रणालीचे काम त्यांच्या हाताखाली झाले होते. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे आणली तर उशीर आणखी वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. ऐन पंगतीच्या वेळी स्वयंपाकघरात चार नवखे हात आले, की त्यांना डबे कुठे आणि मीठ किती हे सांगण्यातच अनुभवी बाईचा वेळ जातो. ज्यांनी लग्नकार्ये पार पाडली आहेत, त्यांना हा नियम ग्रंथावाचूनही पटेल.

चपळता म्हणजे बेशिस्त नव्हे

2001 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरातील विश्रामस्थळी, या व्यवसायातील 17 मंडळी तीन दिवस एकत्र जमली. प्रत्येकाची कामाची रीत थोडी निराळी होती, पण दुखणे एकच होते. त्यांनी एक छोटा जाहीरनामा तयार केला. त्यातील चार मूल्यांपैकी एक असे, की आखलेली योजना पाळत बसण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे आहे. योजनेलाही मोल आहे, हे त्याच जाहीरनाम्यात नमूद केलेले आहे; परंतु उत्साही मंडळींनी तेवढे वाक्य सोयीस्करपणे विसरून ‘अजाईल म्हणजे योजनाच नको’ असा अर्थ लावला. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. जुन्या रीतीत योजना एकदाच होत असे. नव्या रीतीत ती दर पंधरवड्याला होते.

या रीतींपैकी ‘स्क्रम’ ही सर्वांत प्रचलित. हे नाव रग्बी या खेळातले. तकेउची व नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी 1986 साली नव्या वस्तू घडविणाऱ्या कारखान्यांविषयी लिहिताना रग्बीच्या संघाची उपमा वापरली. आणि केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी 1995 साली ही रीत सॉफ्टवेअरच्या जगापुढे मांडली. तिचा सांगाडा सोपा आहे. करावयाच्या सर्व कामांची एक यादी असते; तिला बॅकलॉग म्हणतात. तिच्यातील वरची, म्हणजे निकडीची, कामे उचलून एक महिन्याहून अधिक नसलेल्या मुदतीत पुरी करावयाची; बहुधा ही मुदत दोन आठवड्यांची असते. हाच तो स्प्रिंट. रोज पंधरा मिनिटांची बैठक होते. ती उभ्याने घेण्याची चाल पडली, म्हणून ‘स्टँड-अप’. मुदत संपली की झालेले काम ग्राहकाला चालवून दाखवावयाचे, आणि मग आपापसांत बसून काय चुकले, काय साधले याचा विचार करावयाचा.

यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. बदल केव्हाही सुचू शकतो. पण त्याला आत येण्यासाठी एक दार आहे, आणि ते पंधरवड्याने उघडते. चालू स्प्रिंटचे उद्दिष्ट मोडेल असा बदल मध्येच करावयाचा नाही. बाकी सर्व बदल यादीत नोंदवून पुढच्या वेळी तोलावयाचे. बदलाला मज्जाव नाही, पण त्याने मागच्या दाराने येऊ नये, एवढाच आग्रह आहे.

मोजावे काय आणि कसे

कोणते काम किती वेळ घेईल हे तासांत सांगणे अवघड असते. पण दोन कामांपैकी कोणते मोठे, हे बहुधा सांगता येते. दिवाळीच्या फराळात शंकरपाळ्यांचा खटाटोप दोन मानला, तर चकलीचा पाच आणि अनारशांचा आठ, असे कोणतीही गृहिणी सहज सांगेल. मग घड्याळ काहीही म्हणो. सॉफ्टवेअरवाले कामाला असेच तौलनिक अंक देतात. त्यांना ‘स्टोरी पॉइंट’ म्हणतात. हे अंक 1, 2, 3, 5, 8, 13 अशा क्रमाने घेण्याची चाल आहे, कारण काम जितके मोठे तितका अंदाज ढोबळ. पाश्चात्त्य जगात फिबोनाचीच्या नावाने ओळखला जाणारा हा क्रम, छंदांतील मात्रांची गणना करताना, त्याच्या आधी बाराव्या शतकातच गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र यांनी मांडला होता, हे आमच्या बडोद्याच्या वाचकांना विशेष आवडेल.

हे अंक ठरविण्याची एक युक्ती जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 साली सुचविली. प्रत्येकाने आपला अंक लिहिलेला पत्ता हातात पालथा धरावयाचा आणि सर्वांनी तो एकदम उघडावयाचा. आपल्या घरांत थोरल्यांनी आधी तोंड उघडले की बाकीचे माना डोलावतात; कचेरीतही निराळे काही घडत नाही. एकदम पत्ते उघडल्याने नवशिक्या मुलीचा ‘तेरा’ आणि अनुभवी गृहस्थांचा ‘तीन’ समोरासमोर येतात, आणि मग तिला जे दिसले ते त्यांना का दिसले नाही, यावर बोलणे होते. अंकापेक्षा हे बोलणेच अधिक मोलाचे असते.

एका पंधरवड्यात असे जितके अंक पुरे होतात, ती त्या गटाची गती. आता एक कल्पित हिशेब पाहू. समजा, एकूण काम 200 अंकांचे आहे आणि गटाची गती पंधरवड्याला 20 अंकांची आहे. पाच पंधरवड्यांनंतर 100 अंक उरावयास हवेत. पण मधल्या काळात ग्राहकाने 60 अंकांची नवी कामे सांगितली, म्हणून उरले 160. उरलेल्या कामाची उतरती रेषा काढण्याची जी जुनी पद्धत आहे, तिला ‘बर्नडाउन’ म्हणतात. त्या रेषेकडे पाहणाऱ्या साहेबांना एवढेच दिसते, की पाच पंधरवड्यांत काम अवघे 40 अंकांनी कमी झाले. त्यांच्या तोंडून प्रश्न येतो, ‘मुले करतात तरी काय?’ मुलांनी तर ठरल्याप्रमाणे 100 अंकांचे काम चोख केलेले असते.

यावरचा उपाय म्हणजे एका रेषेऐवजी दोन रेषा काढणे. याला ‘बर्नअप’ म्हणतात. खालची रेषा झालेल्या कामाची, ती 100 वर आली आहे. वरची रेषा मागितलेल्या कामाची, ती 200 वरून 260 वर गेली आहे. आता दोष कोणाला द्यावयाचा हा प्रश्नच उरत नाही. काम किती झाले आणि मागणी किती वाढली, हे दोन आकडे वेगळे झाले. जमा एका बाजूस, खर्च दुसऱ्या बाजूस. साध्या वाणसामानाच्या वहीत आपण जी दक्षता घेतो, तीच ही. आमच्या समजुतीप्रमाणे या व्यवसायातील निम्मी भांडणे ही एका रेषेची भांडणे आहेत.

तरीही मोजमापाला एक रोग जडू शकतो. मापालाच लक्ष्य केले, की ते माप विश्वासार्ह राहत नाही, असा सिद्धान्त चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने प्रसिद्ध आहे; त्याचा उगम 1975 मधील त्यांच्या लेखनात आहे. ‘तुमची गती 20, शेजारच्या गटाची 30, तुम्ही मागे का?’ असे विचारले, की पुढच्या पंधरवड्यात तीनच्या कामाला पाच अंक मिळू लागतात. गती वाढलेली दिसते. काम होते तेवढेच. स्टोरी पॉइंटच्या जन्मात ज्यांचा हात होता, त्या रॉन जेफ्रीज यांनीही, त्याचा पुढे झालेला गैरवापर पाहून, 2019 साली आपल्या लेखात खेद व्यक्त केला. माप हे पुढची वाट ठरविण्यासाठी असते, माणसांना रांगेत उभे करण्यासाठी नव्हे.

हैदराबादची एक हकिकत

मोजमाप नीट केल्याने काय घडते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच शेजारचे आहे. आणि ते या विषयाच्या ग्रंथांत नोंदलेले आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या स्वतःच्या अंतर्गत वापरासाठी अनेक संगणक-प्रणाली होत्या. त्यांतील दुरुस्त्या व लहान सुधारणा करणारा एक छोटा गट 2004 साली हैदराबादेत काम करीत होता : तीन प्रोग्रॅमर आणि तीन टेस्टर. मागण्या येत अमेरिकेतील रेडमंड येथील मुख्यालयातून. दोन्ही गावांच्या घड्याळांत साडेबारा ते साडेतेरा तासांचे अंतर. गट शिस्तीचा होता, कामाचा दर्जा उत्तम होता. आणि तरीही त्याची कीर्ती त्या खात्यातील सर्वांत वाईट गट अशी झालेली होती. 80 हून अधिक मागण्या रांगेत साचलेल्या, आणि एकेक मागणी पुरी होण्यास सरासरी पाच महिने लागत.

ड्रॅगोस डुमिट्रिउ या व्यवस्थापकांनी हा गट आपण होऊन मागून घेतला, आणि डेव्हिड अँडरसन या सहकाऱ्याचा सल्ला घेतला. दोघांनी माणसांना दोष देण्यापूर्वी कामाच्या वाटा तपासल्या. तेव्हा आढळले, की नवी मागणी आली की तिला किती वेळ लागेल याचा अंदाज 48 तासांत देण्याचे बंधन गटावर होते. त्यासाठी हातातील काम बाजूला ठेवावे लागे. या अंदाज देण्यातच गटाची सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक शक्ती खर्ची पडत होती. त्यातही अंदाज दिलेल्या मागण्यांपैकी निम्म्याच्या आसपास पुढे कधी केल्याच जात नव्हत्या. स्वयंपाक किती वेळात होईल हे दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगावे लागले, तर स्वयंपाक होणार कधी?

उपाय ऐकून वाचकांना नवल वाटेल. त्यांनी प्रत्येक मागणीचा अंदाज देणे बंद केले. प्रत्येक प्रोग्रॅमरच्या हाती एका वेळी एकच काम, आणि त्याच्यामागे मोजकीच कामे रांगेत, असा नियम केला. दर आठवड्याला ग्राहक-खात्यांच्या प्रतिनिधींना एकच विचारावयाचे : रांगेत जागा रिकामी झाली आहे; आजपासून 25 दिवसांनी तुम्हांला कोणती गोष्ट सर्वांत आधी हवी आहे? फार मोठी कामे या वाटेने घ्यावयाची नाहीत, ती स्वतंत्र प्रकल्प म्हणून करावयाची. हातातील कामावर मर्यादा घालण्याची ही कल्पना जपानच्या टोयोटा कारखान्यातील ‘कानबान’, म्हणजे खुणेच्या पाटीच्या, पद्धतीशी नाते सांगते. आणि पुढे अँडरसन यांनी त्याच नावाने ती सॉफ्टवेअरमध्ये रूढ केली.

पुढे मनुष्यबळाची थोडी फेरवाटणी झाली, दोन माणसे वाढली. पण मुलांनी अधिक रात्री जागाव्यात असे कोणी सांगितले नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये साचलेली रांग शून्यावर आली. पाच महिन्यांच्या जागी एक मागणी सरासरी 14 दिवसांत पुरी होऊ लागली, आणि 25 दिवसांचा शब्द शंभरातून 98 वेळा पाळला गेला. येथे आम्हांला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पूर्वी प्रत्येक मागणीसाठी निराळे वचन होते आणि एकही पाळले जात नव्हते. नंतर सर्वांसाठी मिळून एकच वचन होते, पण ते मोजून दिलेले होते. विश्वास परत आला तो त्यामुळे.

न सांगितलेला बदल

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण ब्रिटनमधील घेऊ. गरीब व बेकार कुटुंबांना मिळणारी सहा निरनिराळी सरकारी मदत एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही एकच योजना आणण्याचे तेथील सरकारने ठरविले. 2017 पर्यंत सर्व लाभार्थींना तीत सामावून घेण्याचा संकल्प होता. संगणकाचे काम अजाईल पद्धतीने करावयाचे ठरले. परंतु कंत्राटे, मंजुऱ्या आणि देखरेख मात्र जुन्याच साच्याची राहिली. एप्रिल 2013 मध्ये प्रत्यक्ष प्रारंभ झाला, तो मँचेस्टरजवळील अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथील एकाच कचेरीतून.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला. संगणकाच्या तयार कामापैकी 3 कोटी 40 लाख पौंडांचे काम निरुपयोगी ठरून सोडून द्यावे लागले होते. पण आमच्या मते त्या अहवालातील अधिक बोलकी गोष्ट पैशाची नाही. कार्यक्रम चालविणाऱ्यांभोवती जणू किल्ल्याची तटबंदी उभी राहिली होती आणि वरिष्ठांपर्यंत केवळ शुभवार्ता पोहोचविण्याची सवय जडली होती, असे निरीक्षण त्यात नोंदलेले आहे. काम मागे पडत होते, गरजा बदलत होत्या, हे खाली काम करणाऱ्यांना दिसत होते. वरच्या कागदावर मात्र सारे ठीक होते. 2017 ची मुदत तर हुकलीच. जुन्या मदतीतील शेवटच्या कुटुंबांचे स्थलांतर पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. ज्या घरात महिन्याचे भाडे या पैशावर अवलंबून असते, त्या घराला ‘तारीख पुढे गेली’ या तीन शब्दांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

हैदराबादचा गट लहान आणि ब्रिटनचा कार्यक्रम अवाढव्य. त्यांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. परंतु एक धडा दोहोंतून सारखाच निघतो. पद्धतीचे नाव अजाईल आहे की आणखी काही, याने फारसे बिघडत नाही. वाईट बातमी खालून वर किती दिवसांत पोहोचते, यावर सारे अवलंबून असते.

सांगावे कसे

बदल सांगण्याचेही एक शास्त्र आहे, आणि त्याचा पहिला नियम म्हणजे अंदाजाला अंदाज म्हणावे. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत आरंभी, गट स्प्रिंटसाठी कामाचे ‘वचन’ देतो, असा शब्दप्रयोग होता. 2011 च्या आवृत्तीत तो बदलून तेथे ‘पूर्वानुमान’ हा शब्द घालण्यात आला. फरक शब्दाचा दिसला तरी तो वृत्तीचा आहे. वेधशाळा पावसाचे पूर्वानुमान देते, वचन देत नाही. म्हणून ते रोज नव्याने द्यावे लागते आणि त्यात बदल झाला तर वेधशाळेला कोणी खोटारडी म्हणत नाही.

दुसरा नियम म्हणजे एक तारीख न सांगता तारखांचा पल्ला सांगावा. आपल्या वरच्या हिशेबात 160 अंक उरले होते. गटाची गती कधी 16 तर कधी 24 अशी असेल, तर काम 7 ते 10 पंधरवड्यांत होईल असे सांगणे हे प्रामाणिक उत्तर. नुसते ‘आठ’ म्हणणे हे ऐकणाऱ्याला गोड लागते, पण ती गोडी फार दिवस टिकत नाही.

तिसरा नियम असा, की नवे काम आत घेताना बाहेर काय जाईल ते त्याच वेळी सांगावे. ‘नाही’ म्हणण्याची गरज नसते. ‘हे 60 अंक अवश्य करू, मग त्यांच्या जागी कोणते 60 मागे ठेवू, की तारीख तीन पंधरवड्यांनी पुढे नेऊ?’ असे विचारले, की निर्णय ज्याचा त्याच्याकडे जातो. ज्या बदलाची किंमत सांगितलेली नाही तो फुकट आहे, असे ग्राहक समजतो. आणि ती किंमत अखेर मुलांच्या रात्री व रविवार भरून देतात. ज्या घरांत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो, त्यांतील पुष्कळांत आमच्या मते कामाचा डोंगर हे अर्धेच कारण असते; उरलेले अर्धे म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, योग्य वेळी न विचारलेला हा प्रश्न.

आणि शेवटचा नियम : सर्वांना एकच चित्र दाखवावे. ग्राहकाला एक, वरिष्ठांना दुसरे आणि गटाला तिसरे, असे करणाऱ्याला तिन्ही सांभाळण्यातच आयुष्य घालवावे लागते. भिंतीवर दोन रेषा काढून ठेवल्या, म्हणजे बातमी फोडण्याचे धैर्य कोणा एकाला दाखवावे लागत नाही. भिंतच ती रोज सांगते.

आता वडीलधाऱ्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. आधी सारे विचारून घेता येत नाही का? काही प्रमाणात येते, आणि तेवढे अवश्य घ्यावे. पण उरलेले कामाबरोबरच कळत जाते, आणि त्यासाठी दर पंधरवड्याला पुन्हा विचारण्याची, मोजण्याची आणि सांगण्याची तयारी लागते. तेव्हा यापुढे मुलगा वा सून ‘क्लायंटने पुन्हा सगळे बदलले’ असे म्हणत घरी आली, तर ‘मग आधीच का नाही विचारले?’ असे म्हणण्यापेक्षा ‘त्याच्या बदल्यात काय मागे ठेवायचे ठरले?’ असे विचारून पाहावे. उत्तर तयार असेल, तर काळजीचे कारण नाही. उत्तर नसेल, तर हाच प्रश्न उद्या सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत विचारण्याची आठवण त्यांना घरातूनच मिळालेली असेल. आणि ती काही लहानसहान मदत नव्हे.